वर्गाचा निकाल ४२ वरून ७८ टक्क्यांवर गेला, पण मुलं तीच होती का?

१ नोव्हेंबर २०२५. राज्यातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला. बारामती आणि इंदापूर या शेजारच्या दोन तालुक्यांत कारखाने मोजायला बसलात तर यादी अशी होते : बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर. इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा खासगी बारामती ॲग्रो.

कारखाना म्हटला की टोळ्या आल्या. दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून कुटुंबं यायला लागतात. फडाच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याच्या मागे त्यांची पोरं.

याच महिन्यांत, याच दोन तालुक्यांत आणखी एक हंगाम चालू असतो. त्याची बातमी होत नाही. बी.एड.चे विद्यार्थी कृती संशोधनाची वही पूर्ण करत असतात. एम.एड.वाल्यांना लघुप्रबंधाचा आराखडा मंजूर करून घ्यायचा असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी आपल्या उपक्रमाचा अहवाल लिहीत असतात.

आता तुम्ही म्हणाल, ऊसतोडीचा आणि बी.एड.च्या वहीचा काय संबंध?

संबंध एवढा आहे की या भागात ऊसतोडीचं कॅलेंडर न बघता शाळेवर संशोधन केलं, तर निघालेला निकाल चुकीचा असण्याचीच शक्यता जास्त. आणि ही चूक शेवटच्या प्रकरणात होत नाही. ती आराखडा लिहितानाच, पहिल्या दोन पानांत झालेली असते.

आधी शीर्षकाचं बघू

शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथालयात जा. कपाटातल्या काळ्या-निळ्या बाइंडिंगच्या प्रबंधांची नावं वाचा. 'अमुक तालुक्यातील प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या वाचनविषयक समस्यांचा चिकित्सक अभ्यास.' तालुका बदला, विषय बदला, 'चिकित्सक अभ्यास' तसाच राहतो.

या शीर्षकात वाईट काही नाही. फक्त त्यात प्रश्न नाही. कुणाच्या समस्या? कधीच्या? कशाच्या तुलनेत? इंदापूर तालुक्यात लासुर्णे-सणसरसारखी कालव्यावरची बागायती गावं आहेत, उजनीच्या फुगवट्यावरची पळसदेव-कळाशीकडची गावं आहेत आणि पावसाकडे डोळे लावून बसणारी जिरायती गावंही आहेत. या सगळ्यांना 'इंदापूर तालुक्यातील प्राथमिक शाळा' म्हणून एका पोत्यात भरलं की त्यातून सरासरी निघते. पण ती सरासरी कुठल्याच गावाची नसते.

हेच शीर्षक प्रश्नात बदलून बघा. 'गाळप हंगामात बाहेरून आलेली मुलं तिसरीच्या वर्गात किती दिवस हजर असतात, आणि हंगाम संपताना ती आल्या दिवसापेक्षा पुढच्या पायरीवर वाचतात का?' ऐकायला भारदस्त नाही. मार्गदर्शक कदाचित म्हणतील, जरा व्यापक करा. पण या प्रश्नाचं उत्तर निघू शकतं, आणि उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. संशोधनाच्या प्रश्नाची ही साधी परीक्षा आहे : उत्तर काय येणार हे आधीच माहीत असेल, तर तो प्रश्न नव्हे, घोषणा आहे.

आता तर आराखडा झेरॉक्सच्या दुकानातून आणायचीही गरज उरली नाही. चॅटजीपीटीला सांगितलं की दोन मिनिटांत उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा सगळं हजर. फक्त त्याला हे माहीत नसतं की तुमच्या वर्गातली सहा मुलं नोव्हेंबरात गायब होणार आहेत.

दोन वर्गांचं गणित

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पनेतले आहेत, पण अशी परिस्थिती या भागातल्या कुठल्याही शिक्षकाला अनोळखी वाटणार नाही.

एक शाळा बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, सुपे-मोरगाव-उंडवडीच्या बाजूला. दुसरी शाळा कालव्याच्या पट्ट्यात, कारखान्यापासून चार-पाच किलोमीटरवर. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हापासून तालुक्याचे हे दोन भाग वेगळ्या वाटेने गेले आहेत.

दोन्ही शाळांत तिसरी-चौथीचा मिळून एक वर्ग. दोन्हीकडे २४ मुलं. सप्टेंबरात चाचणी घेतली, तर दोन्हीकडे १० मुलं साधा परिच्छेद नीट वाचतात. म्हणजे ४२ टक्के.

दोन्ही शिक्षकांनी सारखाच उपक्रम केला. समजा, रोज अर्धा तास गोष्टीचं वाचन. दोघांनी सारखीच मेहनत घेतली आणि दोघांच्याही वर्गात आणखी चार मुलं वाचायला लागली. वाचणारी मुलं १० ची १४ झाली. खरा परिणाम दोन्हीकडे अगदी सारखा. पट तेवढाच राहिला असता तर दोन्हीकडचा आकडा ५८ टक्के आला असता.

पण पट तेवढा राहात नाही.

जिरायती शाळेतली सहा मुलं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर बाहेर पडली. कुणाचे घरचे मेंढरं घेऊन गेले, कुणाचे कामाला. ही सहाही मुलं न वाचणाऱ्यांपैकी होती, कारण दरवर्षी असंच जाणं होत असेल तर वाचन मागे पडणारच. फेब्रुवारीत चाचणीला बसली १८ मुलं. त्यातली १४ वाचतात. निकाल : ७८ टक्के.

कालव्यावरच्या शाळेत उलटं झालं. कोप्यांवरची आठ मुलं वर्गात आली. शाळा तुटत तुटत झालेली, त्यातलं एकही अजून परिच्छेद वाचत नाही असं धरू. फेब्रुवारीत चाचणीला बसली ३२ मुलं. वाचतात तीच १४. निकाल : ४४ टक्के.

उपक्रम तोच, मेहनत तीच, फायदाही तेवढाच. एका अहवालात लिहिलं जाणार, '४२ वरून ७८ टक्के, उपक्रम अत्यंत यशस्वी'. दुसऱ्यात लिहिण्यासारखं काही उरणार नाही, कारण ४२ चे ४४ झाले हे कुणाला दाखवणार? पहिल्या शिक्षकाचा व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल. दुसऱ्याला केंद्राच्या बैठकीत उभं करून विचारलं जाईल की बाई, तुमच्याकडे प्रगती का नाही?

दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही. आकडेही खरे आहेत. चूक फक्त आराखड्यात होती. 'पूर्वचाचणी - उपक्रम - उत्तरचाचणी' असं लिहिताना, दोन्ही चाचण्यांना तीच मुलं असतील हे कुणीतरी गृहीत धरलं होतं.

त्यात भर म्हणजे हंगामाच्या तारखाही दरवर्षी हलतात. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरपासून होता, २०२५-२६ चा १ नोव्हेंबरपासून. २०२४-२५ मध्ये ऊस कमी असल्याने अनेक कारखान्यांची धुराडी फेब्रुवारी-मार्चमध्येच थंडावली. म्हणजे 'गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी चाचणी घेतली, यंदाही तेव्हाच घेऊ' म्हटलं तरी वर्ग तोच असेल याची खात्री नाही.

मोठ्या सर्वेक्षणांचं काय?

तुम्हाला वाटेल, मग सरकारी आकडे घेऊ, ते तरी पक्के असतील. तेही बघू.

'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' ४ डिसेंबर २०२४ रोजी झालं. देशभरात ७४ हजारांवर शाळा आणि सुमारे २१ लाख विद्यार्थी. तिसरी, सहावी आणि नववीचे वर्ग. प्रचंड काम आहे, आणि राज्या-राज्यांची किंवा जिल्ह्यांची तुलना करायला उपयोगी आहे. पण तारीख पुन्हा वाचा. ४ डिसेंबर. ऊसपट्ट्यात तेव्हा तोडणी जोरात असते. हे सर्वेक्षण शाळेत होतं. त्या दिवशी शाळेत जे मूल आहे, ते मोजलं जातं. फडावर बसलेलं, धाकट्या भावंडाला सांभाळणारं किंवा वाढं गोळा करणारं मूल त्या कागदावर येत नाही.

दुसरं म्हणजे 'असर'. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चालू असलेलं हे सर्वेक्षण शाळेत नाही, तर घरी जाऊन होतं. मूल शाळेत जातं की नाही याने फरक पडत नाही, ते घरात सापडलं की त्याला वाचायला दिलं जातं : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. इतकं साधं साधन की कुठलाही शिक्षक ते एका दिवसात वापरायला शिकतो. २०२४ च्या 'असर'मध्ये देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचणाऱ्यांचं प्रमाण २३.४ टक्के निघालं. २०२२ मध्ये ते १६.३ होतं.

पण 'असर'मध्ये एका जिल्ह्यातून ३० गावं निवडली जातात आणि प्रत्येक गावातून २० घरं. पुणे जिल्हा परिषदेच्या हद्दीत १३ तालुके येतात. म्हणजे सरासरी एका तालुक्याच्या वाट्याला दोन-तीन गावं. यातून पुणे जिल्ह्याबद्दल काहीतरी सांगता येतं. बारामती पुढे की इंदापूर, हे सांगता येत नाही. तरीही 'सर्वेक्षणानुसार आपल्या तालुक्यात...' अशी वाक्यं भाषणांत आणि प्रबंधांतही सर्रास सापडतात. जिल्ह्याचा आकडा तालुक्याला चिकटवणं म्हणजे पुण्याचं तापमान सांगून भिगवणला छत्री न्यायची की नाही ते ठरवणं.

इथेच गावातल्या शिक्षकाच्या छोट्या संशोधनाला किंमत आहे. दिल्लीत बसून कोप्यावरचं मूल दिसत नाही. ते ज्या वर्गात येऊन मागच्या रांगेत बसतं, तिथल्या बाईंना दिसतं.

यात एवढं काय अडलंय?

एक वही चुकली, एक लघुप्रबंध चुकला, तर बिघडलं काय? पदवी तर मिळते.

बिघडतं ते असं. मार्च २०२५ पासून राज्यात दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी 'निपुण महाराष्ट्र'चा कृती कार्यक्रम सुरू झाला. किती मुलं वाचतात, किती मुलांना गणित येतं, याची शाळानिहाय टक्केवारी बघितली जाऊ लागली. मुलांना वाचता यावं यासाठी यंत्रणा हलते आहे, हे चांगलंच आहे. पण टक्केवारी काढताना खाली कोण धरायचं, हा प्रश्न कालव्यावरच्या त्या शाळेचा जीव घेणारा आहे.

आरटीई कायद्यानुसार दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोयही आहे. गावाकडच्या शाळेनं कार्ड द्यायचं आणि इकडच्या शाळेनं त्यावर मूल बसवून घ्यायचं. पण जी शाळा हे इमानानं करते, तिची टक्केवारी खाली येते. जी शाळा कोप्यांकडे वळूनही बघत नाही, तिची वर राहते. हा हिशोब कुणी मुद्दाम केला नसला, तरी तो मुख्याध्यापकाला जे शिकवतो ते भयंकर आहे : ही आठ मुलं पटावर घेऊ नका.

म्हणून मोजणी कशी करायची हा तांत्रिक प्रश्न राहात नाही. चुकीच्या आराखड्याने मूल वर्गाबाहेर जाऊ शकतं.

शेतकऱ्याला जे कळतं ते संशोधकाला का कळू नये?

बारामती गेल्या वर्षी जगभर गाजली ती शेतीतल्या एआयमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी इथल्या ऊसशेतीचा व्हिडिओ टाकला, त्यावर इलॉन मस्क यांनी प्रतिक्रिया दिली, आणि ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं शेत घराघरांतल्या मोबाइलवर पोचलं. शेतीच्या प्रयोगाबद्दल इथल्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'शेजारच्या साध्या प्लॉटात किती निघाला?' नुसतं 'एकरी एवढा निघाला' हे त्याला पुरत नाही. पाऊस चांगला झाला असेल, जमीन काळी असेल, बेणं नवीन असेल. शेजारचा प्लॉट असल्याशिवाय तो विश्वास ठेवत नाही.

वर्गाच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारतच नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी या सहा महिन्यांत आठ वर्षांचं मूल तसंही थोडं पुढे जातंच. उपक्रम नसता तर किती गेलं असतं? शेजारचा प्लॉट कुठाय?

आणखी एक गोष्ट गावाला चांगली माहीत आहे, ती म्हणजे पीक कापणी प्रयोग. पीकविम्यासाठी शेत निवडायचं तर ते चिठ्ठीसारखं, कुणाच्याही मर्जीविना निवडलं गेलं पाहिजे. चांगल्या शेतात चौकट टाकली तर उत्पन्न जास्त दिसतं आणि विमा हुकतो. त्यामुळे चौकट कुठे पडते यावर सगळ्या गावाचं लक्ष असतं.

या पद्धतीच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९४० च्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना पीक कापणीसाठी यादृच्छिक निवडीची पद्धत बसवली. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. त्यांनी दाखवलेली एक बारीक गोष्ट शिक्षकांनी ऐकावी अशी आहे. कापणीची चौकट फार लहान घेतली तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण कडेवरची ताटं 'आतच आहेत की' म्हणून ओढून घेतली जातात, आणि चौकट जेवढी लहान तेवढा कडेचा हिस्सा मोठा.

वर्गात कडेवरची ताटं म्हणजे 'जवळजवळ वाचतो' असं मूल. तीन ठिकाणी अडखळलं, बाईंनी एक शब्द सांगितला, बाकी वाचलं. धरायचं की नाही? आपलीच मुलं, आपलाच उपक्रम, चाचणी घेणारेही आपणच. उत्तरचाचणीच्या वेळी हात सैल पडतो. मुद्दाम नाही, मायेनं. पण २४ मुलांच्या वर्गात अशी तीन मुलं आत ओढली की टक्केवारी साडेबाराने वाढते.

यावर उपाय फुकट आहे. केंद्रातल्या शेजारच्या शाळेच्या बाईंना म्हणा, ताई, तुम्ही माझा वर्ग तपासा, मी तुमचा तपासते. किती चुकांपर्यंत 'वाचतो' धरायचं हे आधी लिहून ठेवा. सुरुवातीच्या पाच मुलांना दोघींनी वेगवेगळं तपासा आणि उत्तरं जुळतात का बघा. जुळली नाहीत तर साधनात गडबड आहे, मुलांत नाही.

'निम्म्या मुलांना उपक्रमच द्यायचा नाही?'

तुलनेचा गट म्हटला की शिक्षक हळवे होतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. काही मुलांना मुद्दाम वंचित ठेवायचं हे कुणालाच पटत नाही. पण यावरही वाट निघाली आहे, आणि ती लांब नाही, मुंबईतच.

२००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' कार्यक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून शिकवायची. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित विनायक बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासह मिळालं ते यांनाच. त्यांनी काय केलं, तर शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटातल्या शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी दिली, दुसऱ्या गटाला दुसऱ्या इयत्तेसाठी. कुठलीच शाळा रिकामी राहिली नाही, आणि प्रत्येक इयत्तेला शेजारचा प्लॉट मिळाला.

निष्कर्षही वाचण्यासारखा आहे. मुलांचे गुण वाढले, आणि जवळपास सगळी वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांचीच होती. ती मुलं बाहेर गेल्यावर वर्ग लहान झाला, तरी मागे उरलेल्यांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा झालेला फायदाही बराचसा ओसरला होता. हे शेवटचं वाक्य त्यांनी लपवलं नाही, म्हणूनच त्या अभ्यासावर लोक विश्वास ठेवतात.

हेच इंदापुरातल्या एखाद्या केंद्रात करता येईल का? येईल. केंद्राची शिक्षण परिषद तर होतच असते. दहा शाळा असतील, तर दहा चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकायच्या. पाच शाळांनी उपक्रम तिसरीत करायचा, पाचांनी चौथीत. पुढच्या वर्षी अदलाबदल. फक्त चिठ्ठ्या टाकताना बागायती शाळा आणि जिरायती शाळा यांचे डबे वेगळे ठेवायचे, नाहीतर सगळ्या कालव्यावरच्या शाळा एकाच बाजूला पडल्या तर पुन्हा तीच भानगड.

आणि हो, शाळा दहा हव्यात, दोन नाहीत. एका शाळेतली ३० मुलं आणि दुसरीतली ३० मुलं म्हणजे ६० चा नमुना, असं प्रबंधांत लिहिलेलं असतं. पण त्या ३० मुलांना शिक्षक एकच, फळा एकच, गाव एकच. बाईंची मध्येच बदली झाली तर तीसच्या तीस मुलांना एकदम फटका. तुलना दोन प्लॉटांचीच झाली, ताटं कितीही मोजा. एकट्या बी.एड. विद्यार्थ्याला दहा शाळा जमणार नाहीत हे मान्य. मग त्याने 'उपक्रमाचा परिणाम सिद्ध झाला' असं लिहू नये, एवढंच. 'माझ्या वर्गात काय घडलं' हे तपशिलात लिहावं. कृती संशोधन मुळात त्यासाठीच आहे. १९४० च्या दशकात कुर्त लेविन यांनी ही कल्पना मांडली, १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांनी ती शाळेत आणली, ती शिक्षकाला स्वतःचं काम सुधारता यावं म्हणून. टी-मूल्य काढून पाहुण्यांना दाखवावं म्हणून नाही. सहा मुलांच्या वर्गात टक्केवारी काढणं तर थट्टाच आहे. तिथे मुलांबद्दलच लिहावं, खऱ्या नावाऐवजी दुसरं नाव वापरून.

मग वहीत करायचं काय?

सगळ्यात आधी, वर्गाची यादी चार खणांत लिहायची : राहिलेली मुलं, गेलेली मुलं, आलेली मुलं, जाऊन परतलेली मुलं. निकाल चौघांचे वेगवेगळे काढायचे. वरच्या उदाहरणात दोन्ही शाळांनी सुरुवातीपासून राहिलेल्या मुलांचीच सप्टेंबर-फेब्रुवारी तुलना केली असती, आणि आलेल्यांचा तक्ता वेगळा ठेवला असता, तर दोघांनाही कळलं असतं की आपल्याकडे चार-चार मुलं नव्याने वाचायला लागली.

आलेल्या मुलांची पहिली चाचणी सप्टेंबरात नाही, तर ती वर्गात आल्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची. शेवटची, टोळी हलायच्या आधी. ती तारीख शाळेच्या कॅलेंडरात नसते, ती मुकादमाला विचारावी लागते. गेलेली मुलं कुठे गेली हे लिहायचं, आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे ती परत आली की पुन्हा तपासायचं. आई-बापाला काय चाललंय हे सांगायचं आणि त्यांची परवानगी घ्यायची. अंगठा घेऊन काम भागवायचं नाही. पहाटे फडावर गेलेली माणसं संध्याकाळीच भेटतात, हेही आराखड्यात धरावं लागतं. अडखळणाऱ्या मुलाला चारचौघांत उभं करून वाचायला लावलं तर चाचणी वाचनाची राहात नाही, धीटपणाची होते.

ही वेळेची गोष्ट पुण्याला नवी नाही. १९७९ च्या सुमारास भारतीय शिक्षण संस्थेत चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत शाळेबाहेरच्या मुलांसाठी कृती संशोधनाचा मोठा प्रकल्प उभा केला. दिवसा शेळ्या राखणारी, भावंडं सांभाळणारी मुलं-मुली दिवसाच्या शाळेत येणार कशी? म्हणून वर्ग संध्याकाळी भरवले. आधी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिलं, मग आराखडा केला.

आता अडचण वेगळीच येऊ घातली आहे. २०१५ पासून बी.एड. आणि एम.एड. दोन वर्षांचे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात एक वर्षाचे बी.एड. आणि एम.एड. परत आणायचा विचार आहे. पैसे आणि वेळ वाचेल म्हणून विद्यार्थी खूश आहेत, त्यात गैर काही नाही. पण संशोधनाच्या बाजूने बघा. सीईटी आणि प्रवेश फेऱ्या संपून वर्ग नीट सुरू व्हायला दिवाळी उजाडली, तर टोळ्या येण्याआधीची चाचणी घ्यायला वेळच उरत नाही. शाळा परत भरलेली दिसायच्या आत प्रबंध जमा करायची तारीख येते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात ऊसपट्ट्याचा एक पूर्ण हंगाम बसत नाही. मसुदा करणाऱ्यांसमोर बारामती-इंदापूर नसणार हे उघड आहे. पण प्रवेश लवकर संपवणं राज्याच्या हातात आहे, आणि यादी आधीच्याच तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे सोपवण्याची व्यवस्था करणं महाविद्यालयांच्या हातात.

तशी व्यवस्था झाली, तर पुढच्या हंगामाची तयारी मे महिन्यातच सुरू करता येईल. टोळ्या गावी परतलेल्या असतील, कोप्यांच्या जागी फक्त काळे पडलेले दगड उरलेले असतील. तेव्हा हजेरीपटावरच्या त्या आठ नावांसमोर 'अनुपस्थित' याऐवजी गाव, तालुका आणि वाचनाची शेवटची पायरी लिहायला अर्धा तास लागतो.